पेढी आणि परराष्ट्र धोरण

जानेफळच्या आमच्या किराणा दुकानी बसलो असता धाकट्या भावाच्या मुलीने विचारले, "मोठेबाबा, राज्यशास्त्र घेऊ का?" माझे आयुष्य बँकेत गेलेले, मी सहज म्हणालो, "वाणिज्य घे. राज्यशास्त्राने पेढी चालत नाही." तिचा चेहरा उतरला.

पुढे एप्रिल २०२२ मध्ये इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात रोखली. मेहकरच्या ठोक व्यापाऱ्याला तेलाच्या डब्याचा भाव रोज विचारावा लागला. ती हळूच म्हणाली, "मोठेबाबा, पेढी यावरच चालते ना?" मी निरुत्तर झालो.

तिनेच मला पुणे विद्यापीठाच्या संरक्षण व सामरिकशास्त्र विभागातील माजी प्राध्यापक डॉ. श्रीकांत परांजपे यांचे कार्य सांगितले. अमेरिकेचे अण्वस्त्रप्रसारबंदीचे धोरण, परराष्ट्र धोरणातील संसदेची भूमिका आणि २०१३ च्या ग्रंथात भारताची सामरिक संस्कृती, असा त्यांच्या अभ्यासाचा विस्तार. अशी विद्या ही देखील एक पेढीच. तिचा नफा मात्र उशिरा आणि साऱ्या समाजाच्या खाती जमा होतो.

तिने राज्यशास्त्रच घेतले. पहिल्या वर्षाचे शुल्क मी भरले. मुलांच्या प्रश्नाला उत्तर देण्यापूर्वी आपण एक दिवस थांबावे, एवढीच वाचकांस विनंती.