युद्धाचा निर्णय कोणाच्या हाती?

राज्यघटनेच्या ५३व्या कलमाने भारताच्या तिन्ही सैन्यदलांचे सरसेनापतिपद राष्ट्रपतींकडे दिले आहे. अमरावतीच्या माजी खासदार प्रतिभाताई पाटील यांच्याकडे हे पद २००७ ते २०१२ या काळात होते. २५ नोव्हेंबर २००९ रोजी, वयाच्या ७४व्या वर्षी, त्यांनी वैमानिकाचा पोशाख चढवून पुण्याच्या लोहगाव तळावरून सुखोई-३० मधून उड्डाण केले. त्याच्या वर्षभर आधी मुंबईवर दहशतवादी हल्ला झाला होता. त्याला उत्तर लष्करी असावे की राजनैतिक, हे मात्र मनमोहन सिंग यांच्या सरकारने ठरवले. सरसेनापतिपदाचा वापर कायद्यानुसारच व्हावा, असे ५३वे कलम बजावते आणि ७४वे कलम राष्ट्रपतींना मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने बांधते. अमेरिकेत अध्यक्ष स्वतः सैन्य धाडू शकतो. १९७३च्या कायद्याने त्याला ४८ तासांत संसदेला कळवावे लागते, एवढेच. आणि ६० दिवसांची मुदत आहे, तीही वादग्रस्त.

भारतातला निर्णय प्रत्यक्षात कसा होतो, हे १ सप्टेंबर १९६५च्या दुपारी दिसले. पाकिस्तानी रणगाडे पहाटेपासून छांब भागात घुसत होते. अखनूरचा पूल पडला असता, तर जम्मूकडचा रस्ताच तुटला असता. चारच्या सुमारास लष्करप्रमुख जयंतनाथ चौधरी आणि हवाई दलप्रमुख अर्जन सिंग संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाणांकडे आले. विमाने वापरायची म्हणजे लढाई वाढवायची. १९६२च्या चीन युद्धात सरकारने लढाऊ विमाने बाहेर काढलीच नव्हती. यशवंतरावांनी काही मिनिटांत होकार दिला. साडेपाचच्या आत पठाणकोटहून व्हॅम्पायर विमाने उडाली. त्यांपैकी चार त्या संध्याकाळी पडली. जुनाट विमानांची ही किंमत जबर होती, पण होकार लांबला असता तर किंमत त्याहून मोठी मोजावी लागली असती. हल्ला कुठून, कशाने, हे सेनाधिकाऱ्यांवर सोपवून राजकीय जबाबदारी मंत्र्याने स्वतःकडे घेतली, हे या निर्णयाचे खरे मोठेपण. पाच दिवसांनी, ६ सप्टेंबरला, लाहोरच्या दिशेने आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडण्यात आली. तो निर्णय पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींचा होता. राष्ट्रपती राधाकृष्णन सरसेनापती होते, पण निर्णयाच्या या साखळीत ते कुठेच नव्हते.

राष्ट्रपतींची सही निर्णायक ठरते ती ३५२व्या कलमाखालच्या आणीबाणीसाठी. चीनच्या आक्रमणानंतर २६ ऑक्टोबर १९६२ला पुकारलेली आणीबाणी १९६५मध्येही चालू होती आणि ती १९६८च्या जानेवारीत उठली. युद्ध संपल्यावरही नागरिकांचे हक्क इतकी वर्षे गोठलेले राहिले, हे समर्थनीय नव्हते. ३ डिसेंबर १९७१ला पाकिस्तानी विमानांनी हल्ला केला, त्या रात्री व्ही. व्ही. गिरी यांनी दुसरी घोषणा केली. २५ जून १९७५ला मात्र फक्रुद्दीन अली अहमद यांची सही आधी झाली आणि मंत्रिमंडळाची बैठक दुसऱ्या दिवशी पहाटे. म्हणूनच ४४व्या घटनादुरुस्तीने मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळवल्याशिवाय राष्ट्रपतींनी घोषणा करू नये, असे बंधन घातले.

अण्वस्त्रांच्या बाबतीतही मार्ग तोच राहिला. ४ जानेवारी २००३ रोजी जाहीर झालेल्या व्यवस्थेत अण्वस्त्र वापराचा आदेश देण्याचा अधिकार फक्त राजकीय परिषदेला आहे आणि तिचे अध्यक्ष पंतप्रधान असतात. त्या दिवशी राष्ट्रपतिपदावर होते क्षेपणास्त्रांचे शास्त्रज्ञ अब्दुल कलाम.