चांदीचं बालपण

पान बोटांत धरलं की आधी त्याची चांदी हाताला लागते. ताज्या द्राक्षाच्या मण्यावर असते तशी मेणाची भुरकट लव त्या गोल, बिनदेठाच्या पानावर असते, आणि अंगठा फिरेल तिथे ती पुसली जाऊन खालचा निळसर हिरवा उघडा पडतो. मग येतो वास. लहानपणी सर्दी झाली की डोक्यावरून चादर ओढून, वाफेत डोळे मिटून हुंगलेल्या निलगिरीचाच हा नातलग. पण टास्मानियाच्या मध्य पठारावर, समुद्रापासून हजार मीटर उंचीवर, तो ऊब घेऊन येत नाही. पहाटेच्या गारठ्यासारखा लख्ख येतो.

इथे या झाडाला सायडर गम म्हणतात. जोसेफ हूकरनं १८४४ मध्ये त्याचं वर्णन लिहिलं आणि टास्मानियाची रानं धुंडाळणाऱ्या रोनाल्ड गनचं नाव त्याला दिलं: युकॅलिप्टस गनी. पण त्याच्याही किती आधीपासून इथल्या आदिवासींना, पलावांना, हे झाड ठाऊक होतं. ते बुंध्याला छेद देत, पाझरणारा गोड रस तळाशी साचू देत, त्यावर सपाट दगड झाकत. आणि हवेतल्या अदृश्य जिवांच्या संगतीनं तो रस आपोआप आंबत जाई. त्याचं नाव वे-आ-लिना. एवढ्या कडाक्यात उभ्या असलेल्या झाडाच्या पोटात एवढा गोडवा!

रात्री पठारावरची हवा थंड होते, जड होते, उतारांवरून ओघळत खोलगट माळांत येऊन साचते, आणि उजाडेपर्यंत तिथलं गवताचं पातं न् पातं हिमानं पांढरं होतं. बहुतेक झाडं अशा माळापासून दूरच थांबतात. हे मात्र त्याच्या अगदी कडेला, ओलसर मातीत पाय रोवून उभं राहतं. पानांवरची चांदी तिथे त्याच्या उपयोगी पडते: उंचावरचं बोचरं ऊन परतवते, पाण्याचा थेंब ठरू देत नाही. जे आपल्याला देखणं वाटतं, ते त्याचं चिलखत आहे.

आणि ते त्याला बालपणीच मिळतं. माणसाच्या केसांत चांदी उतारवयात उतरते. इथे कोवळी पानंच रुपेरी, समोरासमोर जोडीजोडीनं फांदीला बिलगलेली. झाड वाढतं तशी पानं लांबट होतात, त्यांना देठ येतो, ती खाली झुकतात, रंगही हिरवटतो. मात्र बुंध्यापाशी तोडलं तर मातीलगतच्या गाठीतून धुमारे फुटतात. तेही चांदीचेच. इंग्लंडातले बागवान म्हणूनच हे झाड दर वसंतात छाटतात. त्यांचे आणखीही धडे आहेत: रोप लहान असतानाच लावावं, ऊन भरपूर द्यावं, मुळांना ओल द्यावी, आणि आधाराची काठी शक्यतो टाळावी. वाऱ्यात हलत हलतच खोड बळ धरतं.

पण पठारावर, त्याच्या स्वतःच्या घरी, आता ते वाळतं आहे. ग्रेट लेकच्या आसपास याच झाडाची मिएना नावाची दुर्मीळ जात आहे. गेल्या काही दशकांतल्या दुष्काळांनी आणि वाढत्या उष्म्यानं तिची कितीतरी जुनी झाडं उभ्या उभ्या मेली. उरलेल्यांची कोवळी पालवी पोसम नावाचे भुकेले प्राणी खातात. फांद्या पांढऱ्या पडल्या आहेत, पण ती चांदी नाही.

त्या सांगाड्यांमधून चालताना मनात आलं, प्रत्येक जिवाचं सोसणं त्याचं स्वतःचं असतं. ज्या थंडीला आपण निर्दय म्हणतो, तिनंच या झाडाला घडवलं. ती हिरावली तर त्याला सुख लाभत नाही, त्याचं घर जातं. माणसांचंही कितीदा असंच होतं.

काही माणसं खोडांना पट्टे बांधून पोसमांना अडवतात, रोपांभोवती जाळ्या उभारतात, बी जमवून ठेवतात. त्यांच्याविषयी मला मनापासून आदर वाटतो, आणि तेवढ्यानं भागणार नाही हेही कळतं. झाडं लावण्याइतकंच थंडी राखणं हेही आता माणसाचं काम आहे.