निफाड आणि येवल्याच्या मधोमध

नाशिक जिल्ह्यातल्या विंचूरच्या तीनपाटीवर उभं राहिलं की एका अंगाला निफाड, दुसऱ्या अंगाला येवला. गाव पानिपतावर लढलेल्या विठ्ठल शिवदेव विंचूरकरांच्या जहागिरीचं, त्यामुळे अभिमान इथल्या बोलण्यात सहज येतो. मलाही तो आवडतो. पण ‘आपला देश जगावेगळा’ हे वाक्य ऐकलं की माझं मन या रस्त्याच्या दोन्ही टोकांना जातं.

न्यायमूर्ती रानड्यांचा जन्म निफाडचा, १८४२ सालचा. १८९३ मध्ये लाहोरच्या सामाजिक परिषदेत त्यांनी निःशंकपणे सांगितलं की ही भूमी ईश्वरी वचनाची आहे आणि इथली माणसं ईश्वरानं निवडलेली आहेत. असं वाक्य आज सभेत आलं की टाळ्या पडतात आणि विषय संपतो. रानड्यांचं काम तिथून सुरू व्हायचं. ईश्वरानं निवडलेल्यांच्या घरात बालविवाह कसे? विधवांचे हाल कसे? जातिभेद कसा? त्यांची श्रद्धा जितकी मोठी, तितकी त्यांनी समाजाकडे केलेली मागणी मोठी. १६३० साली अमेरिकेकडे निघालेल्या प्युरिटन पंथीयांना त्यांचा नेता जॉन विन्थ्रॉपनंही बजावलं होतं की जगाचे डोळे आपल्यावर आहेत, चुकलो तर छी-थू होईल. पुढच्या पिढ्यांनी त्यातला गौरव तेवढा उचलला, इशारा सोडून दिला.

रानडे स्वतःही कमी पडले. १८७३ मध्ये वडिलांच्या शब्दाखातर त्यांनी विधवेशी लग्न करण्याऐवजी रमाबाई या अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केलं. मला ते आजही खुपतं. याच रमाबाईंना त्यांनी शिकवलं आणि पुढे त्या स्त्रियांसाठी काम करणाऱ्या सेवासदन संस्थेच्या आधारस्तंभ झाल्या, हेही खरं.

आता येवला. नाशिकच्या काळाराम मंदिरासमोर दलितांच्या प्रवेशासाठी १९३० पासून सत्याग्रह चालला, दार उघडलं नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याच्या परिषदेत बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नसल्याचं जाहीर केलं. निवडलेल्या लोकांत ज्यांना कुणी धरलंच नव्हतं, त्यांचा तो जाब होता. आणि रानड्यांच्या एकशेएकाव्या जयंतीला, १९४३ साली, पुण्यात त्यांच्या थोरवीवर बोलायला उभे राहिले ते बाबासाहेबच. देशावर खरं प्रेम करणारी माणसं एकमेकांना अशी ओळखतात.

या रस्त्यानं जात असाल तर मुलांना घेऊन निफाडला थांबा, ती घोषणा झाली त्या येवल्याच्या मुक्तिभूमीवरही थांबा. देशाच्या थोरवीच्या गोष्टी त्यांना त्यानंतर सांगा.