तंबोरा कुठाय?

मिरजेच्या आत्याचं गाणं नीट टिपून ठेवायला हवं, असं घरात सगळेच म्हणत होते. ती काळी चारवरून पांढरी पाचवर उतरली, तेव्हा त्या म्हणण्याला जरा धार आली. सत्तरी ओलांडलेली बाई. जाहीर मैफली मोजक्याच, पण रियाज आयुष्यात कधी सुटला नाही. पट्टी उतरली म्हणजे आवाज उतरला असं नव्हे, हे आम्हाला कळत होतं. तरीही भावंडांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एकदम लगबग सुरू झाली आणि काम माझ्यावर आलं. माझी पात्रता एवढीच, की तरुणपणी घरात कॅसेट डेक माझा होता.

आतेभाऊ न्यू जर्सीत. त्याचं मत सोपं होतं: "फोनवरच कर ना. हल्लीचे फोन काय भारी असतात." म्हणून आधी व्हिडिओ कॉलवरच ऐकलं. आत्याचा आवाज स्वच्छ आला, शब्दन् शब्द कळला, आणि तंबोरा मात्र गायब. ती आलापात थांबली की पलीकडे एकदम स्मशानशांतता. याचं कारण मौजेचं आहे. कॉलची यंत्रणा बोलण्यासाठी बनवलेली असते. एकसारखा चालू राहणारा आवाज दिसला की तो पंख्याचा समजून ती पुसून टाकते. तंबोऱ्याचं तर कामच एकसारखं चालू राहण्याचं. लॉकडाउनमध्ये ऑनलाइन गाणं शिकवणाऱ्यांनी म्हणूनच झूममधलं 'ओरिजिनल साउंड' शोधून काढलं होतं.

सांगलीतला एक मित्र ऑर्केस्ट्राला साउंड देतो. त्याने शुअर एसएम ५८ आणून दिला. १९६६पासून जगभरच्या स्टेजवर हाच माइक दिसतो. पडला, आपटला तरी चालतो. स्टेजवर तो उत्तमच. पण तो तोंडाशी धरायचा माइक. ओठांच्या जवळ असला की खालचे स्वर आपोआप भरदार करतो, जरा लांब गेला की तो भरदारपणा ओसरतो. ऑर्केस्ट्रातली गायिका माइक हातात धरते आणि तो कसा खेळवायचा हे तिला ठाऊक असतं. आत्या तानेबरोबर मान फिरवते, डोळे मिटते, हात उघडते. खर्जात तिचा आवाज भारदस्त, तर मान वळली की लगेच पातळ. गळ्यात नसलेला चढउतार माइक करत होता. मित्र म्हणाला, "आत्यांना सांग ना, मान हलवू नका." ते सांगायची माझी छाती नव्हती.

मग स्टुडिओ. तिथे काचेमागे मोठ्या पडद्याचा कंडेन्सर माइक, पुढे जाळी, भिंतींना फोम. आत्याला हेडफोन दिले आणि कानात इलेक्ट्रॉनिक तंबोरा सोडला, कारण खरा तंबोरा आत वाजला तर तो गळ्याच्या माइकमध्ये मिसळतो आणि पुढे वेगळा काढता येत नाही. तंत्राच्या दृष्टीने बरोबरच. आत्याने एका कानावरचा हेडफोन सरकवून ठेवला आणि गायली. ऐकायला बसली तेव्हा स्पीकरमधून तिचा श्वाससुद्धा ऐकू येत होता. 'स' आणि 'श' जरा टोचत होते. अशा माइकमध्ये वरच्या पट्टीला मुद्दाम थोडी चमक दिलेली असते, ती सिनेगीताला शोभते. तिने पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, "छान आहे रे. पण तंबोरा कुठाय?"

"तो नंतर घालता येईल, आत्या."

"नंतर? मग मी गंधार कशाला लावला होता?"

या एका प्रश्नाने माझा शोध उलटा फिरला. तोवर मी आवाज टिपायला माइक शोधत होतो. आत्याच्या लेखी तिचा आवाज अशी सुटी वस्तूच नव्हती. पांढरी पाचचा षड्ज साधारण १९६ हर्ट्झचा, तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, ९८. ती छेडली की तिच्यातूनच पाचपट कंपनाचा, ४९० हर्ट्झचा, स्वयंभू गंधार उमटतो. पेटीचा गंधार त्याहून किंचित चढा, ४९४च्या आसपास. हा चार हर्ट्झचा फरक आत्याला कानाने कळतो, आणि तिचा गंधार पेटीला सोडून तंबोऱ्याला जाऊन मिळतो. तो जाऊन मिळणंच तिचं गाणं. एकटा गळा टिपला, तर ती कशाशी जुळवून गातेय याचा पुरावाच उरत नाही. जुन्या ध्वनिमुद्रिकांची अडचण यंत्राची होती. १९०२मध्ये गौहर जान कर्ण्यात गायली तेव्हा कर्ण्याच्या तोंडाशी जे जोरात असेल तेच उमटायचं, आणि विद्युत माइक यायला १९२५ उजाडलं. आता यंत्राची तशी अडचण नसताना तंबोरा आपणच बाहेर ठेवतो, हे मला काही पटेना.

ठरलं ते असं: आत्याच्याच माजघरात, खऱ्या तंबोऱ्यासह, तीन-चार फुटांवरून दोन माइक. इंटरनेटवर मंडळी माइकच्या स्वतःच्या खरखरीवरून हमरीतुमरीवर येतात. लहान पडद्याचे माइक त्या बाबतीत मोठ्यांपेक्षा थोडे मागे, हे खरं. पण आमच्या माजघराची पहाटेची शांतता त्या खरखरीच्या कितीतरी वर होती. फ्रिज, रस्ता, जंक्शनवरचं इंजिन. त्यामुळे मी दुसऱ्याच गुणाकडे पाहिलं. मोठ्या पडद्याच्या बहुतेक माइकमध्ये समोरचा आवाज एका रंगाचा येतो, बाजूचा दुसऱ्या. लहान पडद्याचा बाजूनेही बराचसा तसाच ऐकतो. तंबोरा आत्याच्या मागे, एका बाजूला, शिष्येच्या मांडीवर. तो बाजूनेच येणार. म्हणून लहान पडद्याची जोडी घेतली आणि फ्रेंच रेडिओवाल्यांच्या पद्धतीने लावली: दोन्हींत १७ सेंटिमीटर अंतर, ११० अंशांचा कोन. कंपास आणि पट्टी घेऊन बसलेला मला पाहून आत्या म्हणाली, "भूमितीत किती मार्क होते रे तुला?"

रेकॉर्डर झूमचा एफ ३ घेतला. हा जपानचा झूम, मीटिंगवाल्याशी त्याचा संबंध नाही. त्यात पातळीची खुंटीच नाही. ३२ बिट फ्लोटमध्ये नोंद होते, म्हणजे खर्जातली कुजबुज आणि तारषड्जाची झेप एकाच फाइलमध्ये, काही न फाटता, मावते. आवाज लहानमोठा करायचा तो नंतर. मला याचा उपयोग वेगळाच झाला: समोर बसून खुंटी फिरवणारा माणूस दिसला की आत्या सावध गाते. आता यंत्र चालू करून मी चक्क ऐकत बसू शकत होतो. मात्र फ्लोट म्हणजे जादू नव्हे; खोलीत पंखा असेल तर फाइलमध्येही पंखा असणारच, आणि माइक स्वतःच फाटला तर रेकॉर्डर काही करू शकत नाही.

माजघराची शहाबादी फरशी फार बोलायची. तिच्यावर सतरंजी, माइकच्या मागच्या भिंतीला दोरीवर गोधड्या, फ्रिजचं बटण बंद. फ्रिज पुन्हा चालू करायची आठवण राहावी म्हणून माझ्या स्कूटरची किल्ली आतच ठेवली. तंबोरा मिरजेचाच. २०२४मध्ये इथल्या सतार-तंबोऱ्यांना भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आत्याने तंबोऱ्यालाच पेढा दाखवला होता. जुळवायला बराच वेळ गेला. घोडीवर तारेखालचा दोरा केसभर पुढे, केसभर मागे. एका जागी तार नुसती वाजत होती आणि दोरा तिथून जरा हलवला तशी ती गुंजायला लागली. मी यंत्र आधीच सुरू केलं होतं. आत्याने ते पाहिलं, काही बोलली नाही, आणि ललित सुरू केला.

आतेभावाला फाइल गेली. त्याचं उत्तर आलं: आवाज लहान आहे, आणि सुरुवातीचं जुळवणं कापून टाक. आवाज मी थोडा वाढवला. जुळवण्याबद्दल आत्याला विचारलं. तिने "कापायचं नाही" एवढंच सांगितलं, आणि विषय संपला.

आता तिला मारवा द्यायचाय. मारवा सूर्यास्ताचा, आणि ती तो दुसऱ्या वेळी गाणार नाही. नेमकी त्याच वेळी गल्लीत मुलं क्रिकेट खेळतात, समोरच्या घरात मालिका लागते, पिंपळावर कावळ्यांची सभा भरते. मुलांना मी आइस्क्रीम कबूल केलंय. समोरच्या वहिनींशी आत्या स्वतः बोलणार आहे. कावळ्यांचं काय करायचं ते बघू.