दीडपट

केळझरच्या टेकडीवरील सिद्धिविनायकापुढे आईने धाकट्यासाठी किती चतुर्थ्या धरल्या, याचा हिशेब नाही. धाकट्याला डाऊन सिंड्रोम आहे. "पोटुशी असताना हिनं ग्रहण पाळलं नाही," हे शेजारणींचे निदान आईने निमूट मान्य केले होते.

वाचनालयात मला निराळे उत्तर सापडले. १९५९ साली लेज्यून या फ्रेंच डॉक्टरांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की अशा मुलांच्या पेशींत एकविसावी गुणसूत्रे दोनाऐवजी तीन असतात. उंदराच्या सोळाव्या गुणसूत्राचा मोठा भाग त्याच्याशी जुळतो. म्हणून तो भाग जादा असलेले उंदीर प्रयोगशाळेत वाढवले गेले. (गणपतीनंतर बिचाऱ्यांवर हे दुसरे ओझे!) त्यांच्या मेंदूत त्या भागातील बहुतेक जनुकांचे काम सुमारे दीडपट चालते. काहींचे तितके वाढत नाही. उलट, संख्येने न वाढलेली दुसरीच काही जनुके बिथरतात. मीठ जास्त पडले की साऱ्या भाजीची चव जाते, तसे.

हे जादा गुणसूत्र बहुधा बीजपेशी तयार होतानाच येते, ग्रहणाचा त्यात काही हात नाही, असे मी आईला सांगितले. तांदूळ निवडणारा तिचा हात थांबला.

"म्हंजे माहं काही चुकलं नाही?"

"नाही, आई."

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "मंग ओसरीवर बसून सांग. जरा मोठ्यानं."