एका बोटाची किंमत

१/ मुंबईत पहिली कापडगिरणी काढण्याचा मान कावसजी दावर यांचा. १८५४ साली कंपनी स्थापन झाली आणि १८५६ साली ताडदेवला तिची यंत्रे फिरू लागली. पुढच्या तीन दशकांत गिरणगाव उभे राहिले. एका वाफेच्या इंजिनावर सारी खाती चालत. छताजवळ फिरणाऱ्या दांड्यावरून चामड्याचे पट्टे प्रत्येक यंत्रापर्यंत उतरत. धोतराचा सोगा पट्ट्यात अडकायला क्षण पुरे होई. साच्यावरून उडालेला धोटा डोळा घेऊन जाई.

२/ १८८१ साली हिंदुस्थानातील पहिला कारखाना कायदा आला. शंभर किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यांना तो लागू होता. सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास त्याने बंदी केली, धोकादायक यंत्रांना कठडे घालण्यास आणि अपघात कळवण्यास सांगितले. पण हात गमावलेल्या माणसाला भरपाई मागण्याचा हक्क त्याने दिला नाही.

३/ ही उणीव नारायण मेघाजी लोखंडे यांनी हेरली. १८८४ साली परळला गिरणी कामगारांची सभा भरली आणि सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार झाला. त्यातील रविवारच्या सुट्टीची मागणी आज सर्वांना ठाऊक आहे. त्याच अर्जातील दुसरी मागणी मात्र विस्मरणात गेली: कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि जन्माचे अपंगत्व आल्यास त्याच्या निर्वाहाची सोय व्हावी.

४/ साप्ताहिक सुट्टी १८९० साली मिळाली. जखमेच्या भरपाईला आणखी चौतीस वर्षे लागली. अडसर होता तो ‘दोष कोणाचा’ या प्रश्नाचा. भरपाई हवी तर मालकाचा हलगर्जीपणा दिवाणी न्यायालयात सिद्ध करणे भाग होते. साक्षीदार त्याच गिरणीतले, त्याच मालकाचे नोकर. एका हाताने वकील कसा गाठावा आणि तोवर घरची चूल कशी पेटावी?

५/ १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा १ जुलै १९२४ पासून अमलात आला आणि हा प्रश्नच बदलला. अपघात कामातून आणि कामावर असताना घडला, एवढे दाखवणे पुरेसे ठरले. कामगार दारूच्या अमलाखाली असेल किंवा त्याने यंत्राचे संरक्षक साधन मुद्दाम काढले असेल, अशा मोजक्या प्रसंगी मालकाला सुटका होती. दुखापतीचा खर्च आता मालकाच्या वहीत चढणार होता. कठड्याचा खर्च त्यापुढे थोडा वाटू लागावा, हा या कायद्याचा लाभ.

६/ त्याच कायद्याला एक परिशिष्ट जोडलेले होते. कोपरापासून किंवा त्यावरून उजवा हात गेला तर ७० टक्के, डावा गेला तर ६०. एक डोळा ३०, अंगठा २५, तर्जनी १०, इतर कोणतेही बोट ५. हे टक्के कमाईची क्षमता किती घटली याचे. संपूर्ण कायम अपंगत्वाची भरपाई ४२ महिन्यांचा पगार, कमाल मर्यादा ३,५०० रुपये. म्हणजे करंगळीची किंमत जेमतेम दोन महिन्यांचा पगार.

७/ १८८४ च्या अर्जाने उरलेल्या आयुष्याचा निर्वाह मागितला होता. कायद्याने एकरकमी आकडा दिला. तो आकडा संपला तरी तुटलेले बोट परत येत नव्हते. दरमहा आणि आजन्म मिळणारा अपंगत्व लाभ १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने आणला, म्हणजे अर्जानंतर ६४ वर्षांनी.

८/ २०१० पासून १९२३ च्या कायद्याच्या नावातील ‘कामगार’ जाऊन ‘कर्मचारी’ आला. तरीही या सगळ्या हक्कांच्या मुळाशी एक साधा कागद असतो: हजेरीपट. ज्याचे नाव त्यावर नाही, त्याला आजही आधी हेच सिद्ध करावे लागते की आपण तिथे कामाला होतो. लोखंड्यांच्या अर्जावरील साडेपाच हजार सह्या या दृष्टीने पाहिल्या, तर ती आपण इथे राबतो याची कामगारांनी स्वतःच लिहून ठेवलेली नोंद होती.