पाय आणि मुरड

इंग्रजांना राज्य करता येते, स्वयंपाक करता येत नाही, असे आमचे आजोबा म्हणत असत. या वाक्याचा पूर्वार्ध 1947 साली निकालात निघाला. उत्तरार्ध मात्र आम्ही वडिलार्जित मिळकतीप्रमाणे जपून ठेवला होता. तीन वर्षांपूर्वी लेस्टर शहरी मुलाच्या बिऱ्हाडी चार महिने राहण्याचा योग आला, तेव्हा भाजणी, मेतकूट आणि गोडा मसाला यांच्याबरोबर हा ग्रहही आम्ही सामानात बांधून नेला. परत निघालो तेव्हा भाजणीचा डबा रिकामा झाला होता, आणि तो ग्रहही पुष्कळसा झिजला होता. त्याला कारण दोन पदार्थ. एकाचे नाव पाय आणि दुसऱ्याचे पॅस्टी. दोन्ही मैद्याच्या आवरणात तिखटामिठाचे सारण भरून भट्टीत भाजावयाचे. दोन्ही कष्टकऱ्यांच्या घरी मानाला चढलेले. आणि मिसळीवरून जशी आपल्याकडे पुणे, नाशिक व कोल्हापूर यांची जुंपते, तशी त्या दोहोंवरून तिकडच्या गावागावांची जुंपते.

प्रारंभीच एक कबुली दिली पाहिजे. माशामटणाचे आम्हांला वावडे नाही. परंतु गाय आणि डुक्कर या दोन प्राण्यांशी आमच्या ताटाचा कधी संबंध आलेला नाही. आणि दुर्दैव असे की, पायांमध्ये जो सर्वांत नामांकित तो डुकराच्या मांसाचा, व पॅस्टीत जी अस्सल समजली जाते ती गोमांसाची! जे चाखले नाही त्याची तुलना करावयास निघालेला हा कोण परीक्षक, असे कोणी म्हणेल. त्यास आमचे उत्तर असे की, ज्या अन्नाने माणसाच्या जिवाला धीर येतो, त्याची अर्धी हकिकत जिभेवर नसतेच. शेजारच्या आजीने आजारी नातवासाठी केलेला मऊ भात आपण चाखलेला नसतो. तरी तो काय आहे हे आपणांस बरोबर कळते.

लेस्टरपासून आगगाडीने थोड्याच अंतरावर मेल्टन मोब्रे नावाचे गाव आहे. तेथील डुकराच्या मांसाचा पाय प्रसिद्ध आहे, असे मुलाने सांगताच आमच्या सौभाग्यवतींच्या कपाळाला आठी पडली. कारण 'डुकराचा पाय' या शब्दांचा मराठीत एकच अर्थ होतो. त्यांची समजूत घालून आम्ही त्यांना दुकानाच्या काचेपर्यंत नेले. उकडीच्या मोदकासाठी आपण कढत पाण्यात पीठ भिजवितो, तसेच तेथेही चरबी आणि कढत पाणी यांत पीठ मळतात, आणि एका लाकडी ठोकळ्याभोवती ते चढवीत चढवीत त्याची उंच पारी करतात. पारीत चिरलेले मांस भरून वर झाकण बसवावयाचे, आणि साच्याचा आधार न देता ती तशीच भट्टीत ठेवावयाची. त्यामुळे भाजताना तिच्या बाजूंना पोट सुटते, आणि हे सुटलेले पोट हीच अस्सलपणाची खूण! शेवटी झाकणाच्या छिद्रातून आत रस ओततात. तो निवून थिजतो, आणि आतले मांस पुष्कळ दिवस टिकते. या रसासाठी पूर्वापार डुकराचे पायच उकळीत आले आहेत, असे पुढे कळले. तेव्हा सौभाग्यवती अगदीच चुकल्या होत्या असेही म्हणवत नाही. 2009 साली या पायाच्या नावाला युरोपीय कायद्याचे संरक्षण मिळाले. गावाच्या आसपासच्या ठरावीक टापूबाहेर केलेल्या पायास ते नाव लावता येत नाही.

पण पायाचे खरे मर्म आम्हांस त्या दुकानात कळले नाही. ते कळले मुलाच्या शेजारी राहणाऱ्या एका वृद्ध बाईंच्या टेबलावर. बाईंचे वय ऐंशीच्या घरातले. यजमान वारलेले, मुले दूरदेशी. आमची पथ्ये विचारून घेऊन त्यांनी एके रविवारी आम्हां सर्वांना जेवावयास बोलाविले, आणि कोंबडीच्या मांसाचा एक भला थोरला पाय करून टेबलाच्या मध्यभागी आणून ठेवला. सुरी झाकणात शिरली, वाफेचा लोट वर आला, आणि आमची नात टाळ्या पिटू लागली. बाई म्हणाल्या, "लहानपणी आमच्या घरी नाताळच्या सकाळी न्याहारीला डुकराच्या मांसाचा पाय असे. कापण्याचा मान वडिलांचा. ते प्रत्येकाकडे एकदा पाहात, आणि मग वाटा ठरवीत. हल्ली मी तो करीत नाही. एकट्या माणसाला पाय करता येत नाही."

हे शेवटचे वाक्य आमच्या मनात रुतून बसले. बाजारात एकट्यापुरते लहान पाय वाटेल तेवढे मिळतात, हे त्यांना ठाऊक नव्हते असे नाही. स्कॉटलंडात चेंडूचा सामना पाहताना लोक तळहाताएवढा मटणाचा पाय खातात. त्याची कड झाकणाच्या वर राखलेली असते, आणि त्या खळग्यात रस्सा घालता येतो. लंडनच्या पूर्वेकडील मजुरांच्या वस्त्यांत पायाबरोबर कुस्करलेला बटाटा आणि पार्स्लीचे हिरवे कालवण वाढतात. विगन गावच्या लोकांना तर शेजारी 'पायखाऊ' म्हणूनच चिडवितात. तरीही बाईंचे म्हणणे खरे होते. पाय हा मुळात पंगतीचा पदार्थ. त्याला ताट हवे, सुरी हवी, वाटा ठरविणारा कोणी वडीलधारा हवा, आणि वाट्यासाठी पुढे सरकणारे हात हवेत. मराठीत ज्याला पाय म्हणावे असा हा पदार्थ स्वतः मात्र घराचा उंबरठा ओलांडावयास फारसा राजी नसतो!

पॅस्टीची गोष्ट याच्या उलट आहे. ऑगस्टमध्ये नातीला सुटी होती, म्हणून मुलाने आम्हांस आठवडाभर कॉर्नवॉलला नेले. इंग्लंडच्या नैऋत्येस समुद्रात घुसलेला हा चिंचोळा प्रांत. त्याच्या वेशीवर टेमर नदी आहे, आणि तीवर ब्रुनेल या विख्यात इंजिनियराने बांधलेला, 1859 साली खुला झालेला आगगाडीचा पूल. सैतान ही नदी ओलांडून कॉर्नवॉलात कधी येत नाही, अशी तिकडे एक जुनी थट्टा आहे. कारण तेथील बायका हाती लागेल ते पॅस्टीत भरतात, ही वार्ता त्याच्या कानी गेलेली आहे. पूल ओलांडून पुढे रेडरुथ व कॅम्बोर्नकडे गाडी गेली, की माळावर दगडी इमारतींचे सांगाडे व त्यांच्या उंच चिमण्या दिसू लागतात. ही कथील व तांबे यांच्या खाणींची इंजिनघरे. त्या खाणींत उतरणाऱ्या माणसाची शिदोरी ती पॅस्टी.

एका गावी भट्टीच्या दुकानासमोर आम्ही उभे होतो. काचेपलीकडे एक बाई मैद्याच्या गोल पोळीवर बटाटा, कांदा, सलगमाच्या जातीचा स्वीड नावाचा कंद आणि गोमांसाचे तुकडे, सारे कच्चेच, मांडीत होती. वर मीठमिरी घालून तिने पोळी दुमडली, अर्धचंद्र झाला, आणि मग तिची बोटे त्याच्या कडेवरून झरझर चालू लागली. सौभाग्यवती ओरडल्याच, "अहो, ही तर मुरड!" आणि खरोखरच ती मुरड होती. कानवल्याची कड चिमटीत धरून थोडी थोडी आत वळवीत नेण्याची जी कला आमच्या मातोश्रींनी सौभाग्यवतींना शिकविली, तीच कला सातासमुद्रापलीकडची ती बाई कोणाकडून तरी शिकली होती. चुण्या जरा दणकट, एवढाच काय तो फरक. आम्ही चीज आणि कांदा यांची पॅस्टी घेऊन समुद्राकाठी बाकावर बसलो, आणि ताट, सुरी, वाटा यांपैकी कशाचीही आठवण न होता ती दोन्ही हातांनी धरून खाल्ली.

ही कडेची मुरड हातात धरण्यासाठी असे, खाणीतल्या सोमलाने माखलेल्या बोटांनी तेवढीच धरून खाणकामगार ती शेवटी टाकून देत, अशी कथा तेथे सांगतात. परंतु जुन्या छायाचित्रांत कामगार कागदात किंवा फडक्यात गुंडाळलेली पॅस्टी टोकापासून खाताना दिसतात. तेव्हा भुकेला माणूस इतकी मुरड टाकीत असेल, यावर आमचा फारसा विश्वास बसत नाही. खाणीत 'नॉकर' नावाची भुते राहतात, त्यांच्यासाठी शेवटचा तुकडा ठेवीत, असेही म्हणतात. आपल्याकडे शेताच्या बांधावर घास ठेवणारास यात नवल वाटण्याचे कारण नाही. पण आम्हांस सर्वांत भावली ती निराळीच चाल. घरातील बाई प्रत्येक पॅस्टीच्या एका कोपऱ्यावर, ती ज्याची त्याच्या नावाचे आद्याक्षर पिठाने उमटवीत असे. अर्धी खाऊन ठेवली तरी कोपऱ्यावरून ओळख पटावी, हा त्यातील व्यवहार. तथापि अंधारात, शेकडो हात खोल, स्वतःच्या नावाचे ते अक्षर बोटांना लागल्यावर माणसाला काय वाटत असेल, हे त्या व्यवहारात बसत नाही. वडील वाटा देताना एकदा आपल्याकडे पाहतात, तो पाय. आणि पाहणारे माणूस बरोबर येऊ शकत नाही म्हणून त्याने आपली दृष्टी शिदोरीवर कोरून दिली, ती पॅस्टी. आमच्या मते दोहोंतला खरा भेद एवढाच.

पुढे त्या शिदोरीला फार लांब जावे लागले. 1820 नंतरच्या दशकात कॉर्नवॉलचे खाणकामगार मेक्सिकोतील रेआल देल मोंते येथे चांदीच्या खाणींवर गेले; तेथे पॅस्टीची 'पास्ते' झाली, आणि आज तीत मिरच्या व मोले नावाचे मसालेदार कालवणही घालतात. 1866 साली तांब्याचा भाव कोसळला, खाणी पटापट बंद पडल्या, आणि माणसे बोटी भरभरून निघाली. कोणी मिशिगनला गेले, कोणी दक्षिण ऑस्ट्रेलियातील मूंटा गावी, आणि 1880 नंतर कोणी आपल्या कोलारच्या सोन्याच्या खाणीतही आले. मिशिगनमध्ये फिनलंडच्या लोकांनी पॅस्टी इतकी आपलीशी केली, की पुष्कळांना ती त्यांचीच वाटते. आणि इकडे मूळ घरी काय झाले? कथिलाची शेवटची खाण 1998 साली बंद झाली; 2011 साली पॅस्टीला कायद्याचे संरक्षण मिळाले! कॉर्नवॉलातच केलेली, गोमांस निदान साडेबारा टक्के व भाज्या पंचवीस टक्के, मुरड डोक्यावर नव्हे तर कडेला, असे सारे नियम ठरले. ज्या कामासाठी शिदोरी बांधीत ते काम संपले, आणि शिदोरीला सनद मिळाली. दुसऱ्याच वर्षी सरकारने गरम पॅस्टीवर वीस टक्के कर बसविण्याचे मनात आणले, तेव्हा एवढा गहजब झाला की दोन महिन्यांत तो बेत आवरता घ्यावा लागला. लोक केवळ पैशांसाठी इतके चिडत नाहीत. आपल्या नावाचे अक्षर कोणी पुसू पाहात आहे, अशी ती चीड असावी.

त्या बाकावरच मुलाने आम्हांस सांगितले की, त्याने तेथील नागरिकत्वासाठी अर्ज केला आहे. कागदात शेवटचा तुकडा उरला होता, तो त्याने समुद्रपक्ष्यांकडे टाकला. आम्ही "बरे केलेस" म्हणालो. सौभाग्यवती काहीच बोलल्या नाहीत. बारा वर्षांपूर्वी तो प्रथम निघाला, त्या दिवशी पहाटे उठून त्यांनी साट्याचे कानवले केले होते. आमच्या घरी लांब जाणाऱ्या माणसाच्या हातावर मुरडीचा कानवला ठेवण्याची चाल आहे. गौरी बोळवतानाही तोच नैवेद्य. मुरड म्हणजे कडेची चुणी, आणि मुरडणे म्हणजे मागे वळणे. माणसाने परत वळावे म्हणून ही शिदोरी. बारा वर्षे ती मुरड मनात धरून बसलेल्या बाईला, माळावरच्या त्या ओसाड इंजिनघरांकडे पाहून काय वाटले असेल, हे विचारण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही. मूंट्याला गेलेल्यांच्या आयांनीही कडा अशाच घट्ट वळविल्या असतील. परतले किती?

आमचे निघणे दिवाळीनंतर ठरले होते. लेस्टरच्या त्या लहानशा स्वयंपाकघरात सौभाग्यवतींनी कानवले करावयास घेतले, आणि सात वर्षांची नात शेजारी स्टुलावर चढून बसली. तिच्या मुरडीला चार ठिकाणी तोंडे फुटली. आजीने ती दुरुस्त केली नाहीत. निघण्याच्या दिवशी एक कानवला कागदात गुंडाळून तिने आमच्या हातावर ठेवला. "कॉर्नवॉलच्यासारखा," ती म्हणाली. कोपऱ्यावर पिठाचा 'आ' चिकटविला होता, काना थोडा वाकडा.

विमानात आम्ही तो कागद उघडला, तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. मुरडीचा कानवला घरात राहणाऱ्याने जाणाऱ्याला द्यावयाचा असतो. म्हणजे आता घर तेथे, आणि जाणारे आम्ही! हे सौभाग्यवतींना सांगावे की न सांगावे, या विचारात आम्ही होतो. पण त्यांना ते आमच्या आधीच कळले होते, असे त्यांच्या चर्येवरून दिसले. त्या एवढेच म्हणाल्या, "पुढच्या वर्षी जायला हवे." मग आजी आणि आजोबा या दोघांचेही आद्याक्षर एकच असल्यामुळे, कानवला नक्की कोणाचा, याविषयी आमच्यात थोडा वाद झाला. अखेर तो पायासारखा वाटून घेतला. कोपरा त्यांनी घेतला.